पफरी

विकाऊ मालाची वा सेवेची वारेमाप, पोकळ स्तुती करणारी जाहिरातबाजी म्हणजे पफरी. ‘जगातला सर्वोत्तम चहा’ या दाव्याला मोजमाप नसते आणि शहाणे गिऱ्हाईक तो शब्दशः घेत नाही. म्हणून कायदा अशा बढाईला सहसा फसवणूक मानत नाही.

इंग्रजीत ‘पफ’ म्हणजे फुंकर. फुंकून फुगवणे यावरून पोकळ स्तुती हा अर्थ आला. अठराव्या शतकात लंडनच्या वृत्तपत्रांत पैसे मोजून छापून आणलेल्या, पण बातमीसारख्या दिसणाऱ्या तारीफवजा मजकुराला पफ म्हणत. हा धंदा इतका बोकाळला, की नाटककार शेरिडनने १७७९ च्या ‘द क्रिटिक’ नाटकात मिस्टर पफ हे पात्रच उभे केले. ते पफचे पाच प्रकार तपशीलवार समजावून सांगते. १८४३ मध्ये लेखक टॉमस कार्लाइलने पफरीवर कडाडून टीका केली. लंडनच्या स्ट्रँड भागातला एक टोपीवाला चांगल्या टोप्या करण्याऐवजी लाकडी पट्ट्या आणि गिलाव्याची सात फुटी टोपी चाकांवर चढवून रस्तोरस्ती फिरवतो, हे त्याचे उदाहरण आजही लागू पडते.

बढाई कुठे संपते आणि वचन कुठे सुरू होते, याचा कस लागला तो इंग्लंडमधल्या कार्बोलिक स्मोक बॉल खटल्यात. कार्बोलिक ॲसिड या जंतुनाशकाची पूड भरलेला हा रबरी चेंडू दाबून त्याची वाफ नळीने नाकात घ्यायची. इन्फ्लुएंझाच्या साथीत, १८९१ मध्ये, कंपनीने जाहीर केले : सांगितल्याप्रमाणे दिवसातून तीनदा, दोन आठवडे चेंडू वापरूनही इन्फ्लुएंझा झाला, तर १०० पौंड देऊ, त्यासाठी १,००० पौंड अलायन्स बँकेत ठेवले आहेत. लुइझा कार्लिल यांनी २० नोव्हेंबरपासून नेमाने चेंडू वापरला आणि १७ जानेवारी १८९२ रोजी त्या आजारी पडल्या. ‘तो नुसता पफ होता’ हा कंपनीचा बचाव अपील न्यायालयाने डिसेंबर १८९२ मध्ये फेटाळला. बँकेत पैसे ठेवल्याचे सांगणारा थट्टा करत नसतो, हा न्यायमूर्तींचा तर्क बिनतोड आहे. कार्लिलबाईंना १०० पौंड मिळाले. भारतातही करार कायदा शिकताना हा खटला आजही अभ्यासला जातो.

भारतीय न्यायालयांनीही पफरीला मुभा दिली आहे, पण मर्यादित. कपड्यांच्या निळीवरून झालेल्या एका दाव्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात सूत्र घालून दिले : आपला माल जगात सर्वोत्तम आहे असे व्यापारी म्हणू शकतो, ते खरे नसले तरी, मात्र प्रतिस्पर्ध्याच्या मालाची बदनामी करता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार खोटी हमी देणारी किंवा महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. त्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. पुन्हा तसेच केल्यास ५० लाखांपर्यंत.