पाणी कमी असताना परसबागेला पाणी कसे द्यावे : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

एप्रिल लागला की आमच्या रोपवाटिकेत रोज एकच तक्रार येते: "पाणी रोज घालतो, तरी रोप वाळतेच." सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि 2024 च्या उन्हाळ्यासारखे उजनी धरण उणे पातळीत गेले, म्हणजे त्यातला उपयुक्त साठा संपला, की घराघरांत साठवलेल्या पाण्याचा हिशेब सुरू होतो. त्या हिशेबात प्रत्येक कुंडीच्या वाट्याला रोज अर्धा तांब्या येतो, आणि रोप नेमके त्यानेच जाते.

मागच्या उन्हाळ्यात एका ताईंनी वांग्याची कुंडी आणली होती. आम्ही ती त्यांच्यासमोरच उलटी केली. वरची बोटभर माती ओली, तिच्याखाली तळापर्यंत कोरडी भुकटी, आणि पांढरी मुळे सगळी वरच्या ओल्या थरात गोळा झालेली होती. रोज वरवर शिंपडलेले पाणी खाली पोहोचतच नाही; मुळे वर येतात आणि दुपारच्या उन्हात तोच थर सर्वांत आधी तापून वाळतो. शिवाय आपली काळी माती वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेने फट पडते, तर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पूर्ण सुकल्यावर पाणी लवकर धरतच नाही. अशा कुंडीत तांब्या ओतला, तर पाणी कडेने निसटून तळाच्या छिद्रातून बाहेर येते आणि पाहणाऱ्याला कुंडी भिजली असे वाटते.

म्हणून बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि आत कोरडे लागले तरच पाणी द्यावे. आधी वरची माती खुरप्याने हलकेच मोकळी करून फट बुजवावी, थोडे पाणी घालून दहा मिनिटे थांबावे, आणि मग तळातून पाणी झिरपेपर्यंत सावकाश द्यावे. तळाशी ठेवलेल्या ताटलीत जमलेले पाणी शेजारच्या कुंडीला चालते. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच द्यावे. दोडका आणि भोपळा यांची पाने भर दुपारी मान टाकतात, पण संध्याकाळी ती आपोआप सावरली तर रोपाला पाणी कमी पडलेले नाही. सकाळीही पाने मलूल दिसली, तर मात्र त्याच वेळी पाणी द्यावे.

पाणी मुरल्यावर मातीवर उसाचे पाचट किंवा कडब्याची कुट्टी दोन-तीन बोटे जाड पसरावी, मात्र खोडाला ती टेकू देऊ नये. वाफ्यात लावलेल्या वेलांसाठी बिनरंगाचे मातीचे गाडगे गळ्यापर्यंत पुरून, भरून झाकून ठेवावे. त्याच्या अंगातून पाणी झिरपत राहते आणि मुळे तिकडे वळतात. रंगवलेले गाडगे झिरपत नाही, म्हणून आम्ही ते या कामासाठी देत नाही. तांदूळ, डाळ व भाज्या धुतलेले पाणी अवश्य वापरावे. पाणी शुद्ध करणाऱ्या (आरओ) यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार साचलेले असतात, त्यामुळे ते कुंड्यांना नेहमी घालू नये. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर दिसू लागला, तर तो वरच्या मातीसह काढून टाकावा.

एप्रिल-मे महिन्यांत आम्ही टोमॅटो व पालक लावण्याचा सल्ला देत नाही, यावर काही ग्राहक नाराज होतात. परंतु त्या उन्हात टोमॅटोची फुले गळतात आणि पालक लवकर तुऱ्यावर येतो. पाणी तेवढेच लागते आणि हाती काही येत नाही. त्याऐवजी गवार, भेंडी व चवळी यांचे बी थेट कुंडीत पेरावे. आमच्या कुंड्या जड का, असेही विचारले जाते. त्यांत कोकोपीटबरोबर माती आणि शेणखत असते, त्यामुळे त्या उचलायला त्रास होतो हे खरे, पण ओलावा अधिक काळ टिकतो.

घरी वाळलेले रोप आम्ही बदलून देत नाही. मात्र पाने मलूल होताच कुंडीसह आणल्यास मुळे तपासून पाणी कसे द्यायचे ते दाखवतो आणि कुंडी पुन्हा भरावी लागल्यास केवळ मातीचे पैसे घेतो. पाचट, गाडगी व पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी येथे मिळते. जाळीसाठी गच्चीचे माप सोबत आणावे.