खऱ्या वाघिणीवरून प्रतिकृती : मालवाघिणींचे संच बांधणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कार्यशाळेतून आपण मालगाडीच्या वाघिणीचा, म्हणजे मालडब्याच्या छोट्या प्रतिकृतीचा, संच घेतलात, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. कोणता भाग कोठे चिकटवायचा, याचा आराखडा संचाच्या खोक्यात स्वतंत्र दिलेला आहे. हे पत्रक मात्र सुरी हातात घेण्याआधी वाचावे, अशी आमची विनंती आहे, कारण संच नीट जोडला म्हणजे प्रतिकृती खरी झाली असे होत नाही. आपली वाघीण रुळांवर धावणाऱ्या एखाद्या विशिष्ट वाघिणीशी जुळावी, अशी इच्छा असेल तर बरेचसे काम डोळ्यांनी आणि मोजपट्टीने आधीच करावे लागते.

प्रथम एका शब्दाविषयी. आपल्याकडे बोलताना प्रवासी डब्यालाच बोगी म्हणण्याची पद्धत आहे. या पत्रकात आणि आमच्या आराखड्यांत बोगी म्हणजे वाघिणीच्या खालचा चार चाकांचा, फिरणारा सांगाडा, असाच अर्थ घ्यावा. हा खुलासा मुद्दाम करत आहोत, कारण ‘एक बोगी कमी आली’ अशा तक्रारीवरून आम्ही एकदा पूर्ण वाघीण पाठवून दिली होती आणि त्या ग्राहकाला हवा होता तो फक्त चाकांचा सांगाडा.

एकच वाघीण निवडावी

‘बंद वाघीण’ किंवा ‘कोळशाची वाघीण’ अशी सर्वसाधारण वस्तू रुळांवर नसते. रुळांवर असते ती एका प्रकारची, एका वर्षी बांधलेली, एका क्रमांकाची, मधल्या काळात दुरुस्त्या झालेली आणि रंग उडालेली एकच वाघीण. म्हणून आपण प्रथम असा एक नमुना आणि शक्य तर त्याच्या फोटोची तारीखही निश्चित करावी. एकदा हे ठरले की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात: ब्रेकची रचना कोणती, अक्षरे कोणत्या पद्धतीची, गंज किती, दारावर ठिगळ आहे की नाही. हे न ठरवता काम सुरू केले, तर छत एका काळातले, बोगी दुसऱ्या काळातली आणि क्रमांक तिसऱ्याच प्रकारचा अशी वाघीण तयार होते. ती सुबक दिसली तरी जाणकाराच्या डोळ्यांना खटकतेच.

आमच्या पहिल्या बंद वाघिणीच्या बाबतीत हेच घडले. बीसीएन आणि बीसीएनए या दोन प्रकारांत दिसायला बरेच साम्य आहे. आम्ही मोजमाप एकीचे घेतले आणि बाजूच्या भिंती दुसरीच्या फोटोवरून कोरल्या. बीसीएनची हेडस्टॉकपासून हेडस्टॉकपर्यंतची (म्हणजे सांगाड्याच्या दोन टोकांच्या आडव्या तुळयांमधली) लांबी १४,५०० मिमी आहे, तर बीसीएनएची १३,५२१ मिमी. एचओ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सुमारे ८७व्या भागाएवढ्या प्रतिकृतीत, हा फरक ११ मिमीपेक्षा थोडा अधिक भरतो, आणि तेवढ्यामुळे दारांमधले सगळे अंतर चुकले. तो साचा आम्ही मोडून टाकला. ज्यांनी त्यातले संच घेतले होते, त्यांना आजही नव्या भिंती विनामूल्य मिळतील.

नमुना निवडण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. कोल्हापूर ते मिरज या मार्गावर गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्थानके आहेत आणि मिरज तर मोठे जंक्शनच आहे. मात्र फोटो सार्वजनिक रस्त्यावरून, पुलावरून किंवा फाटकाच्या बाहेरूनच घ्यावेत. रुळांवर किंवा यार्डात विनापरवाना जाणे हा गुन्हा आहे आणि जिवाला धोकाही आहे. आमच्यासाठी कोणीही तसे करू नये.

फोटोवरून माप कसे काढावे

फोटो शक्य तितका समोरून, काटकोनात घ्यावा. त्यानंतर फोटोत ज्याचे खरे माप नक्की ठाऊक आहे अशी एक वस्तू शोधावी. अनेकजण त्यासाठी चाकाचा व्यास धरतात, पण चाक झिजते: नवे चाक १,००० मिमी व्यासाचे असते आणि झिजत झिजत ९०६ मिमीपर्यंत वापरात राहू शकते. त्यामुळे चाकावरून काढलेले माप सुमारे दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकते. त्याऐवजी कॅसनब बोगीच्या (या वाघिणींखालच्या बोगीचा हा प्रकार) दोन आसांमधले अंतर धरावे. ते २,००० मिमी असते आणि झिजेने बदलत नाही. फोटोत ते अंतर ४० मिमी भरले, तर फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले ५० मिलिमीटर, आणि मग दाराची रुंदी, खांबांमधले अंतर, शिडीच्या पायऱ्या अशी सगळी मापे याच हिशोबाने काढता येतात. बोगी आणि भिंत कॅमेऱ्यापासून अगदी सारख्या अंतरावर नसतात, एवढे लक्षात ठेवून आलेले आकडे एकूण लांबीशी ताडून पाहावेत.

एचओ प्रमाण १:८७.१ आहे, म्हणून खऱ्या मापाला ८७.१ ने भागावे. उघड्या बॉक्सएन वाघिणीची हेडस्टॉकपर्यंतची लांबी ९,७८४ मिमी आणि उंची ३,२२५ मिमी आहे. ही मापे एचओमध्ये अनुक्रमे ११२.३ आणि ३७ मिमी होतात. अलीकडची बीसीएनएचएल बंद वाघीण १०,०३४ मिमी लांब, म्हणजे बीसीएनएपेक्षा बरीच आखूड, पण ४,३०५ मिमी उंच आहे. बीसीएनए आणि बीसीएनएचएल या दोन्ही वाघिणी एकापुढे एक जोडल्या की छताची रेषा एकदम बदलते. ही उडी आम्हाला फार आवडते आणि प्रतिकृतीच्या गाडीतही ती दिसायला हवी.

रुळांच्या रुंदीची तडजोड

भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिमी आहे. एचओमध्ये ते १९.२ मिमी व्हायला हवे, पण बाजारात मिळणारा एचओ रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे १,४३५ मिमी गेजसाठी केलेला असतो. आमचे सर्व संच याच १६.५ मिमी रुळासाठी आहेत. वाघिणीचा सांगाडा पूर्ण प्रमाणात आहे आणि चाके मात्र खऱ्यापेक्षा आत सरकलेली आहेत, ही गोष्ट आम्ही ग्राहकांपासून लपवू इच्छित नाही. बाजूने पाहताना हा फरक जाणवत नाही, समोरून पाहताना जाणवतो. ज्यांना रूळ हातानेच टाकायचे आहेत, त्यांच्यासाठी १९.२ मिमी रुळाला जुळणारे लांब आस आम्ही मागणीनुसार करून देतो. १८९१ साली सुरू झालेली कोल्हापूर–मिरज लाइन मुळात मीटरगेज होती. त्या काळाची प्रतिकृती करायची असेल तर १२ मिमीचा रूळ वापरावा, त्यात गेजची चूक अगदी थोडी राहते.

बोगी, चाके, कप्लर आणि वजन

परदेशी संचांतल्या बोग्या भारतीय वाघिणीखाली बसवू नयेत. अमेरिकी मालडब्यांची नेहमीची चाके ३३ किंवा ३६ इंच व्यासाची, म्हणजे सुमारे ८३८ किंवा ९१४ मिमी असतात, आणि आपली १,००० मिमीची. एचओमध्ये आपले चाक ११.५ मिमी हवे. चाक लहान पडले की वाघीण एक तर खाली बसते किंवा चाकावर मोकळी जागा दिसू लागते. कप्लरच्या, म्हणजे वाघिणी एकमेकींना जोडणाऱ्या भागाच्या, बाबतीत मात्र परदेशी भाग उपयोगी पडतो. आपला सेंटर बफर कप्लर अमेरिकी ई प्रकारच्या घडणीचा आहे, त्यामुळे केडी कंपनीचा ५८ क्रमांकाचा लहान डोक्याचा कप्लर त्याच्याशी चांगला जुळतो. जुन्या चार चाकी वाघिणींना बाजूचे बफर आणि स्क्रू कपलिंग असे. तेथे हा कप्लर शोभत नाही.

अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीचे वजन २८ ग्रॅम अधिक लांबीच्या दर सेंटिमीटरला सुमारे ५.६ ग्रॅम असावे. बॉक्सएनसाठी हे वजन ९० ग्रॅमच्या आसपास जाते. बंद वाघिणीत वजन आत लपवता येते, रिकाम्या उघड्या वाघिणीत लपवायला जागाच नसते. म्हणून त्या संचात आम्ही दीड मिलिमीटर जाडीची पोलादी तळपट्टी देतो. ती काढून प्लास्टिकची पट्टी घालू नये, अन्यथा लांब गाडीत मधली वाघीण वळणावर आतल्या बाजूला उलटते.

खालची बाजू

प्रतिकृती टेबलावर उभी असताना तिची खालची बाजू कोणाला दिसणार, असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. बाजूने पाहताना सोलबारच्या (सांगाड्याच्या बाजूच्या लांब तुळईच्या) खाली ब्रेक सिलिंडर, हवेची टाकी, दांडे आणि रिकामी-भरलेली अशी स्थिती बदलण्याचा दांडा यांची छायाकृती स्पष्ट दिसते, आणि ती नसेल तर वाघीण खेळण्यासारखी वाटते. नव्या वाघिणींपैकी अनेकींमध्ये ब्रेक सिलिंडर बोगीवरच बसवलेला असतो. अशा वाघिणीच्या मध्यभागी जुना मोठा सिलिंडर चिकटवणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. आमच्या संचात दोन्ही प्रकारचे भाग असतात. फोटो पाहून त्यांपैकी एकच वापरावा आणि उरलेला जपून ठेवावा.

पकडण्याच्या दांड्यांसाठी पाव मिलिमीटरची पितळी तार दिलेली आहे. खरा दांडा २० मिमीच्या आसपास जाड धरला तर प्रमाणात ०.२३ मिमी येतो, म्हणून याहून जाड तार वापरू नये. ओतीव दांडे छिलून काढून त्या जागी तार बसवण्यास एका वाघिणीला एखादी संध्याकाळ जाते, पण दिसण्यात पडणारा फरक त्या वेळेच्या मोलाचा आहे. उघड्या वाघिणीच्या वरच्या कडेकडेही असेच लक्ष द्यावे. खऱ्या वाघिणीचा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि रेझिनची भिंत प्रमाणात त्याच्या कित्येक पट जाड असते. भिंत पातळ करण्याऐवजी वरची कड फक्त आतल्या बाजूने तिरकी घासावी. डोळ्याला कड दिसते, जाडी दिसत नाही.

रेझिनच्या ओतकामाविषयी थोडेसे. आमच्या कार्यशाळेतले कारागीर मूळचे फाउंड्रीसाठी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणारे आहेत. बिडाच्या पॅटर्नला मीटरमागे सुमारे १० मिमी श्रिंकेज (थंड होताना आकसण्याची सूट) धरावे लागते, हे त्यांच्या हातात बसलेले आहे. रेझिन त्याहून कमी आकसते, तरीही आम्ही प्रत्येक साच्याचे पहिले ओतीव मोजूनच पुढे जातो. एखादी भिंत वाकलेली आली तर ती गरम पाण्यात धरून सपाट काचेवर दाबून ठेवावी. ती जोराने सरळ करू नये.

रंग आणि वापराच्या खुणा

आषाढ-श्रावणात कोल्हापुरात थिनरचा रंग फवारू नये. हवेतल्या दमटपणामुळे रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती नंतर जात नाही. अगदीच गरज असेल तर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्यावा आणि थर पातळ ठेवावेत. मूळ रंग फोटोतल्यापेक्षा किंचित फिका घ्यावा, कारण लहान आकारावर गडद रंग अधिकच काळा दिसतो.

वापराच्या खुणा मालावरून ठरवाव्यात. सिमेंट वाहणाऱ्या बंद वाघिणीच्या छतावर आणि दारांच्या खाचांत राखाडी पूड बसते. कोळशाच्या वाघिणीत आतला पत्रा घासून गंजतो आणि बाहेरच्या बाजूला ठोकल्याचे फुगवटे दिसतात. तेलाच्या टाकीवर भरण्याच्या तोंडापासून खाली ओघळ येतात. चाकाची रुळावर टेकणारी पट्टी मात्र नेहमी चकचकीत असते, तिला रंग लागू देऊ नये.

क्रमांक

एकविसाव्या शतकातल्या वाघिणींवर अकरा अंकी क्रमांक असतो. पहिले दोन अंक प्रकार सांगतात: १० ते २९ उघड्या, ३० ते ३९ बंद आणि ४० ते ५४ टाकी वाघिणी. पुढचे दोन अंक मालक रेल्वेचे, त्यात ०१ म्हणजे मध्य रेल्वे. त्यानंतरचे दोन बांधणीच्या वर्षाचे, मग चार अंक त्या वाघिणीचे स्वतःचे आणि शेवटचा पडताळणीचा. हा शेवटचा अंक मनाने घालू नये. सम स्थानांवरच्या अंकांच्या बेरजेला तीनने गुणावे, त्यात विषम स्थानांवरच्या अंकांची बेरीज मिळवावी आणि पुढच्या दशकापर्यंत जेवढे कमी पडते तो अंक लिहावा. केवळ हिशोबासाठी ३००१०७१२३४ हे दहा अंक घेतले तर सम स्थानांची बेरीज १४, तिची तिप्पट ४२, विषम स्थानांची ७, एकूण ४९, म्हणून शेवटचा अंक १ येतो. क्रमांकपट्टी, म्हणजे वाघिणीवर लावायचा छापील क्रमांक, मागवताना आपण पाठवलेला क्रमांक या हिशोबात बसला नाही तर छपाईआधी आम्ही आपल्याला विचारतो. बहुतेक वेळा फोटोतला एखादा पुसट अंक चुकीचा वाचलेला असतो.

अमेरिकी नमुन्यांचे संच घेणाऱ्यांनीही तारखेचे हे पथ्य पाळावे. तेथे १ ऑक्टोबर १९६६ नंतरच्या नव्या बंद डब्यांना छतावरची चालण्याची फळी नसते. ती फळी ठेवायची की काढायची, हे डब्यावर छापलेल्या बांधणीच्या तारखेशी आणि आपण निवडलेल्या फोटोशी जुळवावे.

पाण्याच्या गाडीचा संच

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला कृष्णेचे पाणी नेणाऱ्या गाडीचा संच आम्ही करतो. पहिल्या फेरीला दहा टाकी वाघिणी होत्या, पुढे पन्नास झाल्या. पन्नास बीटीपीएन (या गाडीतल्या टाकी वाघिणींचा प्रकार) वाघिणी एचओमध्ये सात मीटरपेक्षा लांब होतात, म्हणून संच दहाचाच ठेवला आहे. या वाघिणी पाण्यासाठी कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन आणलेल्या होत्या, तेव्हा नेहमीच्या तेलाच्या ओघळांची सवय येथे हाताला होऊ देऊ नये. भरण्याच्या तोंडाभोवती तेलाऐवजी सांडलेल्या पाण्याचे डाग आणि त्यावर बसलेली धूळ दाखवावी. दहाही वाघिणींचे क्रमांक वेगळे असायला हवेत, आणि हा संच मागवताना ते आपल्याकडच्या फोटोंवरून कळवावेत.

एखादा भाग कमी आला, तुटला किंवा जुळला नाही तर खोक्यावरचा साचा क्रमांक आणि त्या भागाचा मोजपट्टीसह काढलेला फोटो आमच्याकडे पाठवावा. क्रमांकपट्टी हवी असेल तर सोबत खऱ्या वाघिणीचा फोटोही असावा. पट्टी त्या एका वाघिणीसाठीच छापली जाते आणि छपाईला आठवडाभर लागतो.