‘प्लेंटिव्ह’: ऊर बडवण्यापासून कोर्टापर्यंत

भुकेल्या मांजरीचे म्यांव, सारंगीचा लांबत जाणारा सूर, रात्री एकट्याच ओरडणाऱ्या टिटवीची हाक, इंग्रजीत हे सगळे ‘प्लेंटिव्ह’. पावसाळ्यात आपल्याकडे ऐकू येणाऱ्या एका कोकिळेच्या इंग्रजी नावातही पूर्वी हा शब्द होता. मराठीत ती कारुण्य कोकिळा झाली. ‘करुण’ जवळचा खरा, पण ‘प्लेंटिव्ह’मध्ये थोडी कुरकुर असते. ‘केविलवाणा’ म्हटले की ती निसटते.

ही कुरकुर मुळातली आहे. लॅटिन ‘प्लांगेरे’ म्हणजे बडवणे, पुढे शोकात ऊर बडवणे. फ्रेंचमार्गे 14व्या शतकात शब्द इंग्रजीत आला तेव्हा इंग्लंडच्या कोर्टात वकिली फ्रेंच चाले. 1362 मध्ये कायदा करून तोंडी कामकाज इंग्रजीत आणले, तरी वकिलांच्या तोंडचे फ्रेंच शब्द गेले नाहीत. गाऱ्हाणे घेऊन आलेला तो ‘प्लेंटिफ’. रडवा सूर आणि दावा लावणारा माणूस हे एकाच शब्दाचे दोन अर्थ. स्पेलिंगे वेगळी झाली ती नंतर.

एप्रिल 1999 मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या दिवाणी नियमांतून ‘प्लेंटिफ’ काढून ‘क्लेमंट’ घातला. कारण दिले सोपेपणाचे: सामान्य पक्षकाराला कळेल अशी भाषा हवी. हेतूबद्दल तक्रार नाही. पण ‘प्लेंटिफ’ न कळून कोणाचा दावा अडला होता, हा प्रश्न उरतोच. शिवाय ‘क्लेम’ही लॅटिनच, ‘क्लामारे’ म्हणजे ओरडणे यावरून आलेला. रडणाऱ्याला उठवून ओरडणाऱ्याला बसवले, एवढाच काय तो फरक! अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये जुनाच शब्द चालू आहे.

आपल्याकडेही. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत दावा ‘प्लेंट’ने सुरू होतो. मराठीत त्याचे ‘वादपत्र’ केले आणि ‘प्लेंटिफ’चा ‘वादी’. ‘वादी’ नेमका आहे, पण त्यात हुंदका नाही. तो आहे फौजदारी बाजूच्या ‘फिर्यादी’त: फारसी ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. कोर्टाच्या दारात शिपाई ‘फिर्यादी हजर आहेत का?’ म्हणून पुकारा करतो, तेव्हा टाहो फोडणाराच बोलावला जात असतो.