फ्रँकलिन घराणे : एक्टन ते बॉस्टन

इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशर काउंटीतील एक्टन या खेड्यात पिढ्यान् पिढ्या लोहारकी करणारे कुटुंब. या घराण्यातील जोसाया फ्रँकलिन १६८३ मध्ये बायकामुलांसह अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्स वसाहतीतल्या बॉस्टनला गेला. अमेरिकेचा प्रसिद्ध मुत्सद्दी आणि शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन हा त्याचा मुलगा. बेंजामिनमुळे घराण्याचे नाव जगभर पोचले. वंशावळीचा अभ्यास करणाऱ्याला मात्र ते आणखी एका कारणाने मोलाचे वाटते. इंग्लंडमध्ये उमरावांच्या आणि जमीनदारांच्या वंशावळी सरकारी मानकरी काउंटी-काउंटीत फिरून तपासत व लिहून ठेवत. लोहाराच्या दारात असा कोणी जात नसे. तरीही या लोहारांचा सुमारे दोनशे वर्षांचा माग लागतो, आणि तो लावण्याचे बरेचसे श्रेय घरातल्याच दोन माणसांना, एका चुलत्याला आणि त्याच्या पुतण्याला, जाते.

चुलत्याचे नावही बेंजामिनच. लंडनमध्ये रेशीम रंगवण्याचा धंदा करून उतारवयात, १७१५ मध्ये, तो भावाकडे बॉस्टनला आला आणि १७१७ मध्ये त्याने कुटुंबाची हकीकत लिहून काढली. घराणे एक्टनमध्ये किमान तीनशे वर्षे होते, जमीन सुमारे ३० एकर आणि स्वतःच्या मालकीची होती, जोडीला लोहाराची भट्टी होती आणि थोरल्या मुलाने ती सांभाळायची हा रिवाज होता, ही माहिती पुतण्याला चुलत्याच्या टिपणांतून मिळाली. ‘फ्रँकलिन’ हा शब्द मुळात स्वतःची जमीन असलेल्या, पण उमराव नसलेल्या माणसासाठी वापरत. लोकांनी आडनावे घ्यायला सुरुवात केली तेव्हा आपल्या पूर्वजांनी तेच उचलले असावे, असा पुतण्याचा तर्क होता.

चुलत्याने सांगितलेली एक आठवण खास आहे. कॅथलिक राणी मेरीच्या काळात (१५५३–५८) प्रॉटेस्टंटांचा छळ चालू असताना घरात इंग्रजी बायबल होते. ते उघडे करून एका लाकडी स्टुलाच्या बैठकीच्या खालच्या बाजूला फितींनी बांधून ठेवलेले असे. वाचनाच्या वेळी खापरपणजोबा स्टूल उलटे करून मांडीवर घेत आणि फितींखालून पाने उलटत. एक मूल दारात उभे असे. धर्मन्यायालयाचा शिपाई येताना दिसला की स्टूल सरळ, बायबल गडप. या गोष्टीला कागदाचा आधार नाही, ती घरात तोंडोतोंडी आली. तरी ती टाकून देऊ नये. हे घराणे इंग्लंड सोडून का निघाले, त्याचे एक मूळ तिच्यात दिसते.

कागदाचा आधार सुरू होतो तो चर्चच्या नोंदवहीपासून. आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्ये हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची वही ठेवावी. हुकूम सगळीकडे लगेच पाळला गेला नाही. जुन्या कागदी वह्या पुष्कळ ठिकाणी हरवल्या आणि १६४०–६० च्या यादवीच्या धामधुमीत अनेक गावांच्या नोंदींत खंड पडला. एक्टनच्या नोंदी १५५५ पासूनच्या मिळाल्या, त्याआधीची वही गावात नव्हती, असे पुतण्या बेंजामिनने आत्मचरित्रात लिहिले आहे. त्याच वहीतून त्याला कळले की आपण पाच पिढ्या सलग धाकट्या मुलाच्या धाकट्या मुलाच्या पातीतले आहोत.

ही वही त्याने स्वतः पाहिली ती १७५८ च्या उन्हाळ्यात. पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या कामासाठी तो लंडनला आलेला होता. मुलगा विल्यम याला घेऊन तो आधी वेलिंगबरोला चुलत बहीण मेरी फिशर हिला भेटला. एक्टनच्या थोरल्या पातीची ती अखेरची वारस. तिने आणि तिच्या नवऱ्याने घरची जमीन केव्हाच विकून टाकली होती. तिथून बापलेक एक्टनला गेले. पाद्रीसाहेबांनी वही काढून दाखवली. त्यांच्या पत्नीने चुलता टॉमस याच्या आठवणी सांगितल्या: वकिली कागदपत्रे करणारा, गावाच्या प्रत्येक कामात पुढे असणारा, चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटांसाठी वर्गणी गोळा करणारा माणूस. मग तिने त्यांना दफनभूमीत नेले. दगड शेवाळाने इतके माखले होते की अक्षर लागेना. तिने ताठ केसांचा ब्रश आणि पाण्याचे तसराळे मागवले, पीटरने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. बेंजामिनने पत्नी डेबोरा हिला लिहिलेल्या पत्रात हे सगळे आहे.

पीटर हा फ्रँकलिनने अमेरिकेहून बरोबर आणलेला गुलाम. मालकाच्या पूर्वजांची नावे ज्याने घासून वर काढली, त्याचे स्वतःचे आडनावही त्या पत्रात नाही. वसाहतींच्या काळातली वंशावळ वाचताना ही रिकामी जागा डोळ्यांआड करू नये.

स्थलांतराचे कारण धर्माचे होते, पण केवळ धर्माचे नव्हते. जोसाया १६५७ मध्ये एक्टनला जन्मला आणि बॅनबरीला थोरला भाऊ जॉन याच्याकडे रंगाऱ्याचे काम शिकला. घरातले बाकीचे अधिकृत चर्चमध्ये राहिले. जोसाया आणि लंडनचा बेंजामिन हे दोघे वेगळ्या पंथाच्या सभांना जाऊ लागले. अशा सभांना १६६४ आणि १६७० च्या कायद्यांनी बंदी होती. घरची माणसे सोडून पाच किंवा अधिक लोक उपासनेला जमले तर दंड होई. ओळखीतली काही वजनदार माणसे न्यू इंग्लंडला, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींत, निघाली, त्यांनी आग्रह केला आणि जोसाया, पत्नी अ‍ॅन व तीन मुले निघाली. आत्मचरित्रात हे साल ‘सुमारे १६८२’ असे आहे. अभ्यासक १६८३ धरतात.

म्हणजे जोसाया उशिरा आलेल्यांपैकी. १६२० ते १६४० दरम्यान सुमारे २०,००० इंग्रज न्यू इंग्लंडला गेले, ती मोठी लाट त्याच्या जन्माआधीच ओसरली होती. त्या लाटेत आले ते त्याचे पुढचे सासरे, पीटर फॉल्जर. ते १६३५ मध्ये नॉरिचकडून आले, नँटकेट बेटावर स्थायिक झाले आणि तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा शिकून दुभाष्याचे काम करू लागले. बॉस्टनला रंगाऱ्याला पुरेसे काम नव्हते, म्हणून जोसायाने चरबीच्या मेणबत्त्या आणि साबण करण्याचा धंदा धरला. अ‍ॅन १६८९ मध्ये वारली. त्याच वर्षी त्याने अबाया फॉल्जरशी लग्न केले. दोन्ही लग्नांची मिळून १७ मुले. त्यांतली १३ जण एका वेळी जेवायला बसलेली बेंजामिनला आठवत होती.

नोंदी जुळवताना घोळ होतो तो प्रामुख्याने दोन बाबतींत. एक नावांचा. टॉमस हे नाव पणजोबाच्या आधीपासून चुलत्यापर्यंत येतच राहते आणि बेंजामिनही दोन आहेत. दुसरा तारखांचा. इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत कायद्याचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी जुन्याच वर्षात मोडे आणि साल १७०५/६ असे जोडून लिहीत. शिवाय जुने पंचांग तेव्हा ११ दिवस मागे होते. बेंजामिनचा जन्म त्या हिशेबाने ६ जानेवारीचा, आजच्या हिशेबाने १७ जानेवारी १७०६ चा.

आईवडिलांच्या थडग्यावर, बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत, बेंजामिनने संगमरवरी दगड बसवला. त्यावर त्यांच्या ५५ वर्षांच्या प्रेमळ संसाराचा उल्लेख आहे. वडिलांचा जन्म मात्र १६५५ चा आणि वय ८९ असे कोरले आहे. एक्टनच्या नोंदीप्रमाणे जोसाया १६५७ च्या डिसेंबरातला, म्हणजे मृत्यूसमयी ८७ वर्षांचा. मृत्यूचे सालही जुन्या गणनेचे, १७४४. आजच्या गणनेत तो जानेवारी १७४५ ठरतो. पुढे तो दगड झिजला. १८२७ मध्ये बॉस्टनकरांनी त्या जागी ग्रॅनाइटचा उंच स्तंभ उभारला आणि जुना मजकूर आकड्यांसह जसाच्या तसा त्यावर उतरवला.