जुन्या मोटारींची दुरुस्ती व सुधारणा (नागपूर)

उत्पादन बंद झालेल्या मोटारींचे झिजलेले भाग बदलणे, नव्याने घडवणे किंवा त्यांच्या जागी अधिक सक्षम भाग बसवणे, असे हे काम आहे. येथे मुख्यतः दोन गाड्या विचारात घेतल्या आहेत : कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी (मूळची फियाट ११०० डिलाइट, १,०८९ सीसी इंजिन) आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर, जिचे उत्पादन उत्तरपाड्याला २०१४ मध्ये थांबले.

मुंबईत खाऱ्या हवेने आधी पत्रा सडतो. नागपूरच्या कोरड्या उन्हात पत्रा टिकतो, पण रबर मरते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ अंशांपुढे गेला की सस्पेन्शनचे बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), रेडिएटरचे पाइप, फॅनबेल्ट, दारांचे बीडिंग आणि इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा कडक होऊन तडकतात. म्हणून वर्षानुवर्षे उभी असलेली, कमी किलोमीटर चाललेली गाडी चांगलीच असेल असे समजू नये. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी बाजूवरचा चार अंकी आकडा वाचावा. पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष.

काम ब्रेकपासून सुरू करावे, रंगापासून नव्हे. या गाड्यांचे मूळ ब्रेक ड्रमचे आहेत. मास्टर सिलिंडर (पॅडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) आणि चाकांतील सिलिंडर यांचे रबरांचे किट एकाच वेळी बदलावे. त्यातली रबरे पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने पुसली तर फुगतात, ती ब्रेक ऑइलनेच धुवावी लागतात. सिलिंडर आतून खड्डे पडलेला असेल तर नवे किटही गळते. अशा वेळी लेथवर आतून स्लीव्ह (धातूची नळी) बसवून घेतात.

उन्हाळ्यातली दुसरी मोठी तक्रार म्हणजे गाडी तापणे. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत थर साचतो. नळ्या साफ करून कूलंट भरणे हा खरा उपाय आहे. थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) कायमचा काढून टाकण्याची पद्धत मात्र चुकीची आहे, कारण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जाते आणि इंजिनचे सिलिंडर झिजतात. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ अडकली की गाडी चढावर बंद पडते. मिस्त्री पंपावर ओले फडके ठेवतात आणि ती पुन्हा चालू होते. टिकाऊ इलाज म्हणजे पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे व मध्ये उष्णतारोधक पत्रा लावणे.

इंधनही बदलले आहे. २००० पासून देशात शिसेयुक्त पेट्रोल मिळत नाही. शिसे व्हॉल्व्हच्या सीटचे (इंजिनच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याचे) रक्षण करत असे. हेड उघडलेच असेल तर कठीण धातूच्या सीट बसवून घेणे शहाणपणाचे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट खराब करते आणि पाणी शोषून टाकी गंजवते, त्यामुळे नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात.

सुधारणांतही क्रम महत्त्वाचा आहे. रेडिएटरला विजेचा पंखा बसवण्याआधी डायनॅमोच्या (वीज तयार करणाऱ्या जुन्या यंत्राच्या) जागी अल्टरनेटर हवा, कारण इंजिन संथ चालताना डायनॅमो पुरेसे चार्जिंग देत नाही. पॉइंट (ठिणगीसाठी वीजप्रवाह तोडणारे यांत्रिक संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावणे सोपे आहे. जुना संच जपून ठेवला तर केव्हाही परत बसवता येतो, आणि हीच चांगल्या सुधारणेची कसोटी मानावी. अँबॅसॅडरमध्ये परके डिझेल इंजिन घालण्यासाठी चॅसी (गाडीचा सांगाडा) कापणे त्या कसोटीला उतरत नाही.

कायद्याचाही यात संबंध येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणीपुस्तकातील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर बंधन आहे. खासगी गाडीची १५ वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी करावी लागते. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळू शकते, पण चॅसी, बॉडी वा इंजिनमध्ये मोठे फेरफार झालेले नसावेत. अशा गाडीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नवी नोंदणी २०,००० रुपयांत १० वर्षांसाठी होते, आणि गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.