नजर चुकवली म्हणजे खोटं बोलला?

‘खोटं बोलणारा नजरेला नजर देत नाही’ हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही चटकन, कारण अपराधी वाटलं की मान खाली जाते हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पण नजर आठवताना, लाजताना, घाबरल्यावरही वळते. कुणालाही ‘परवा दुपारी काय खाल्लं?’ विचारा; खरं सांगणाराही आधी कुठेतरी दुसरीकडे बघतो. शिवाय हा समज खोटं बोलणाऱ्यालाही माहीत असतो, त्यामुळे तो मुद्दाम डोळ्यांत बघून बोलू शकतो.

अनेक प्रयोग एकत्र तपासले तेव्हा नुसतं बघून-ऐकून खरं-खोटं ओळखणारे सरासरी ५४ टक्के बरोबर निघाले. नाणं उडवलं तरी ५० येतात!

घरी करून बघायचं तर चौघांनी प्रत्येकी १० विधानं करावीत. खरं की खोटं, हे दरवेळी गुपचूप नाणं उडवून ठरवा. मनाने ठरवलं तर क्रम ओळखू येतो. ऐकणाऱ्यांनी अंदाज न बोलता लिहावा. फक्त एकाच्या १० विधानांवर थांबू नका, त्यांत ८ बरोबर कधीकधी निव्वळ नशिबानेही येतात.

खरोखर संशय असेल तर तपशील विचारा: कधी, कुठे, सोबत कोण. मग ते दुसरीकडून पडताळा.