क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आणि ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ (सोलापूरच्या वापरातील तुलना)

सेलवर चालणारे, आत थांबघड्याळ असलेले क्वार्ट्झ क्रोनोग्राफ आणि मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरली जाणारे डायव्हर म्हणजे पाणबुड्यांचे घड्याळ दुकानात बहुधा शेजारी शेजारी मांडलेले असते. काम मात्र वेगळे. क्रोनोग्राफ गेलेला वेळ मोजतो. डायव्हर पाण्यात, धक्क्यात आणि अंधारात चालू राहतो. सोलापूरला समुद्र नाही, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. त्यामुळे येथे तबकडीवरील मीटरच्या (पाणी किती खोलीपर्यंत सोसेल त्याच्या) आकड्यापेक्षा ऊन, घाम आणि धूळ यांचा विचार आधी करावा.

क्वार्ट्झमध्ये दोन दातांच्या काट्याच्या (ट्यूनिंग फोर्क) आकाराचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की सेकंदाला एक ठोका मिळतो आणि त्यावर काटा सरकतो. सेइकोने या तत्त्वावरचे ॲस्ट्रॉन हे मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानमध्ये बाजारात आणले. साध्या क्वार्ट्झची चूक महिन्याला साधारण १५ ते २० सेकंदांची असते. यात उष्णतेचा वाटा आहे. स्फटिक सुमारे २५ अंश सेल्सियसला सर्वांत नेमका चालतो. त्याहून तापला किंवा गारठला तरी मागेच पडतो. एप्रिल-मेमध्ये ४२ अंशांच्या खोलीत पडून राहिलेले घड्याळ, २५ अंशांच्या तुलनेत, दिवसाला जवळजवळ पाऊण ते एक सेकंद हरवते. मनगटावर ते शरीराच्या उबेने बऱ्यापैकी स्थिर राहते. म्हणूनच क्वार्ट्झ रोज घालावे, उन्हाच्या खिडकीत ठेवू नये.

क्रोनोग्राफच्या कडेवरील टॅकीमीटर, म्हणजे वेग दाखवणारी आकड्यांची पट्टी, ही फार उपयोगी आणि फार दुर्लक्षित सोय आहे. पुणे महामार्गावर एका किलोमीटरच्या दगडाशी बटण दाबावे, पुढच्या दगडाशी थांबवावे. ४५ सेकंद लागले तर काटा ८० वर येतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. हिशेब ३,६०० भागिले सेकंद इतकाच. तो चालकाने नव्हे, शेजारी बसलेल्याने करावा. यंत्रमागावर एखादे काम किती सेकंदांत होते हे पाहायलाही हेच घड्याळ योग्य. मात्र क्रोनोग्राफ सतत चालू ठेवल्यास सेल लवकर उतरतो आणि पाण्याखाली बटणे दाबणे बहुतेक मॉडेलना चालत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये हाताच्या हालचालीने अर्धवर्तुळाकार रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळतो. काढून ठेवल्यावर घड्याळ बहुधा ४० तासांच्या आसपास चालते. वेळेत मात्र क्वार्ट्झची बरोबरी नाही: स्वस्त यंत्रांत दिवसाला वीस-तीस सेकंदांचा फरक नियमातच बसतो. आधुनिक डायव्हर घड्याळांची परंपरा १९५३ च्या ब्लँकपेन फिफ्टी फॅदम्सपासून सांगितली जाते. आजच्या डायव्हरचे फिरते कडे, बेझल, पाण्याखाली गेलेला वेळ मोजायला असते आणि ते एकाच दिशेने फिरते. चुकून धक्का लागला तर हा वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. जीव वाचवणारी ही रचना मला या घड्याळातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आयएसओ ६४२५ हे मानक किमान १०० मीटर खोली, अंधारात वाचता येणे, चुंबकत्व व धक्का यांच्या कसोट्या सांगते.

सोलापूरमध्ये डायव्हरचा खरा फायदा पोहण्यापेक्षा घट्ट आवरणाचा आहे. घाम, रंगकामाचे पाणी आणि कारखान्यातील कापसाची धूळ यांना स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवायची चावी अडवते. अट एकच: रबराच्या रिंगा उष्णतेने व वयाने कडक होतात, त्यामुळे उघडल्यावर त्या बदलून दाबचाचणी करून घ्यावी. हे क्वार्ट्झलाही लागू आहे, कारण सेल बदलताना दर दोन-तीन वर्षांनी मागचे झाकण निघतेच. ऑटोमॅटिकला सेल नाही, पण काही वर्षांनी तेलपाणी लागते आणि मोटार, स्पीकर किंवा मोबाइल कव्हरच्या चुंबकाजवळ ठेवल्यास केसस्प्रिंगच्या (घड्याळाची गती ठरवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या) वळ्या चिकटून घड्याळ पुढे पळू लागते. अशा वेळी चुंबकत्व घालवणे हे काही मिनिटांचे काम आहे. यंत्र उघडण्याआधी ते करून पाहावे.

एकच घ्यायचे असेल आणि वेळेचा हिशेब महत्त्वाचा असेल, तर १०० मीटरचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ घ्यावा. रोज मनगटावर राहणारे, धूळ-पाण्यात वापरायचे घड्याळ हवे असेल तर डायव्हर. उजनीच्या पाण्यात उतरायचे असले, तर ३० मीटर लिहिलेले कोणतेही घड्याळ काठावर ठेवावे: तो आकडा फक्त शिंतोड्यांपुरता असतो.